मंडळी कशाला हवी? – डीट्रिख बोनहोफर यांचं जीवन

आजचं शास्त्रवाचन: इब्री १०:१९-२५, १ करिंथ १२:१२-२७



इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात लेखक आपल्याला एक साधी गोष्ट सांगतो. एकत्र मिळणं सोडू नका. आणि लगेच तो हेही नमूद करतो की काही लोकांना ते सोडण्याची सवयच झालेली आहे. म्हणजे बघा, ही तक्रार काही आजची नाही. मोबाईल नव्हता, टीव्ही नव्हता, रविवारची सुट्टीसुद्धा नव्हती, त्या पहिल्या शतकातही विश्वासणारे मंडळीत यायचे थांबत होते.

आजची कारणं तेवढी वेगळी. घरी बसून मोठमोठ्या सेवकांचे संदेश ऐकता येतात, मग तासभर गाडी चालवून कशाला जायचं? आमच्या मंडळीत राजकारण फार. मी आजारी होतो तेव्हा कोणी विचारायलाही आलं नाही. मी शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, माझा देव माझ्यासोबत आहे, एवढं पुरे नाही का?

ही कारणं खोटी नाहीत. त्यात पुष्कळांचं खरं दुखणं आहे. म्हणून आज वाद न घालता एका माणसाची गोष्ट सांगतो. ज्याला मंडळी सोडायला आपल्यापेक्षा कितीतरी मोठी कारणं होती, आणि ज्याने ती शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही.

चर्चला न जाणाऱ्या घरातला मुलगा

डीट्रिख बोनहोफर यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात झाला. आठ भावंडांत ते सहावे, आणि त्यांच्या पाठोपाठ काही मिनिटांत जन्मलेली जुळी बहीण साबीना. वडील कार्ल हे नामांकित मानसोपचारतज्ज्ञ. १९१२ मध्ये ते बर्लिनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि सगळं कुटुंब तिकडे राहायला गेलं. आईच्या माहेरी पाळक आणि ईश्वरविज्ञानाचे विद्वान होऊन गेलेले. ती मुलांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, झोपताना प्रार्थना व्हायची, गीतं म्हटली जायची. पण रविवारी सगळं घर आवरून चर्चला निघालंय, असं मात्र त्या घरात होत नसे.

१९१८ साली पहिल्या महायुद्धात मोठा भाऊ वॉल्टर मारला गेला. त्या दुःखाची छाया घरावर बराच काळ राहिली. त्यानंतर काही वर्षांतच किशोरवयातल्या डीट्रिखने जाहीर केलं की मी ईश्वरविज्ञान शिकणार. थोरल्या भावांनी थट्टा केली. एक विज्ञानाकडे वळलेला, दुसरा कायद्याकडे. मंडळी ही किती दुबळी, कंटाळवाणी, जुनाट संस्था आहे हे ते त्याला पटवून देऊ लागले. त्यावर या पोराचं उत्तर असं होतं की तसं असेल तर मी ती सुधारीन!

हे उत्तर लक्षात ठेवा. मंडळी चांगली आहे म्हणून तो तिच्याकडे निघाला नव्हता.

अभ्यास झपाट्याने झाला. अठराव्या वर्षी रोमला गेले असताना तिथल्या मोठ्या उपासनेत निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या रंगांचे लोक एकत्र उभे असलेले त्यांनी पाहिले. मंडळी ही आपल्या देशापेक्षा, आपल्या भाषेपेक्षा मोठी आहे, ही गोष्ट तिथे मनात बसली. १९२७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय काय होता? मंडळीच! पवित्र जनांची संगती म्हणजे नेमकं काय, ख्रिस्त या जगात आज कोणत्या रूपात आहे, तर मंडळीच्या रूपात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पण प्रियांनो, मंडळीवर ग्रंथ लिहिणं वेगळं आणि मंडळीत बसणं वेगळं. त्या काळात स्वतः बोनहोफर नेमाने उपासनेला जाणाऱ्यांपैकी नव्हते. सत्य त्यांना डोक्याने कळलं होतं. ते खाली उतरायला पुढची काही वर्षं लागली. आणि त्यासाठी देवाने त्यांना मोठ्या व्यासपीठावर नाही, तर लहान लहान मंडळ्यांत नेलं.

हार्लेममधलं संडे स्कूल

१९३० साली ते वर्षभरासाठी न्यूयॉर्कला शिकायला गेले. तिथल्या मोठमोठ्या चर्चमध्ये त्यांनी उपदेश ऐकले. भाषणं सुंदर, विषय नानाविध, पण सुवार्ता कुठे आहे हेच त्यांना सापडेना. मग फ्रँक फिशर नावाचा एक कृष्णवर्णीय सहविद्यार्थी त्यांना हार्लेममधल्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेला.

तिथे गरीब, अपमान सोसलेले, रोज भेदभाव भोगणारे लोक होते. आणि तिथे येशू ख्रिस्ताचं नाव असं घेतलं जात होतं, जणू तो त्याच खोलीत उभा आहे. बोनहोफर पुढे कित्येक रविवार तिथेच गेले. नुसते जाऊन मागच्या बाकावर बसले नाहीत. त्यांनी मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेतला, लोकांच्या घरी गेले. बर्लिनच्या विद्यापीठाचा डॉक्टर हार्लेमच्या पोरांना बायबलच्या गोष्टी सांगत होता! तिथल्या गीतांच्या ग्रामोफोन तबकड्या त्यांनी जर्मनीला नेल्या आणि पुढे आपल्या विद्यार्थ्यांना ऐकवल्या.

जर्मनीला परतले तो माणूस बदललेला होता. आता ते नेमाने उपासनेला जाऊ लागले. ख्रिस्ताविषयीचं ज्ञान पूर्वीही होतंच. मधल्या काळात देवाने त्यांना काही माणसं दिली होती.

जिन्यावरची पन्नास पोरं

१९३१ च्या नोव्हेंबरात त्यांचा पाळक म्हणून दीक्षाविधी झाला. त्याच सुमारास त्यांच्यावर एक काम आलं, जे घ्यायला कोणी तयार नव्हतं. उत्तर बर्लिनमधल्या गरीब कामगार वस्तीत झायन चर्च नावाची मंडळी होती. तिथल्या पन्नासेक मुलांना दृढीकरणाची तयारी करून द्यायची होती. मुलं इतकी दांडगी की आधीचे वृद्ध पाळक त्यांच्यापुढे हात टेकून बसले होते.

पहिल्या दिवशी ते वृद्ध पाळक बोनहोफरना घेऊन जिना चढू लागले, तर वरून पोरांचा आरडाओरडा आणि कचऱ्याचा वर्षाव! वर पोचल्यावर नव्या शिक्षकाच्या नावाचा कल्लोळ सुरू झाला. वृद्ध पाळक तिथून निघून गेले. बोनहोफर ओरडले नाहीत. भिंतीला टेकून शांत उभे राहिले. थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात बोलू लागले, फक्त पुढच्या मुलांना ऐकू जाईल इतकं हळू. हार्लेमच्या गोष्टी सांगत होते. ऐकू यावं म्हणून मागची मुलंही गप्प झाली.

पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. आठवड्यातून एकदा येऊन धडा देऊन जायचं, हे त्यांना पुरेसं वाटेना. श्रीमंत वस्तीतलं आपलं घर सोडून त्यांनी त्या मुलांच्या भागात एक खोली भाड्याने घेतली. संध्याकाळी मुलांना केव्हाही येण्याची मोकळीक होती. कोणी बुद्धिबळ खेळायला यायचं, कोणी इंग्रजी शिकायला. मुलांच्या घरी जाऊन आईबापांना भेटले, तेव्हा बेकारी आणि दारिद्र्य म्हणजे काय ते जवळून दिसलं. दृढीकरणाच्या दिवशी घालायला मुलांकडे धड कपडे नाहीत हे कळल्यावर कापडाचा मोठा तागा विकत आणला आणि त्यातून सगळ्यांना कापड कापून दिलं. मार्च १९३२ मध्ये त्या मुलांचं दृढीकरण झालं.

मंडळीवर प्रबंध लिहिणारा तरुण आता तागा उलगडून कापड मोजत होता. मला वाटतं, १ करिंथ १२ चा अर्थ इथे समजतो. पौल म्हणतो त्याप्रमाणे शरीरातल्या एका अवयवाला दुःख झालं तर सगळ्यांना होतं. पण त्यासाठी आधी तो अवयव आपल्याला जोडलेला असावा लागतो. पडद्यावर दिसणाऱ्या सेवकाला ठाऊकही नसतं की तुमच्या मुलाकडे दृढीकरणासाठी सदरा नाही.

मंडळीच चुकली तर?

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. आणि आता सगळ्यात कठीण भाग.

आपण समजतो की मंडळीवर संकट बाहेरून येतं. जर्मनीत ते आतूनच आलं. जर्मन ख्रिस्ती नावाचा एक गट प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जोर धरू लागला. मंडळी हिटलरच्या विचारांशी जुळवून घेणारी व्हावी, यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांना सेवापदावरून काढावं, अशी त्यांची मागणी. जुलै १९३३ मध्ये मंडळ्यांच्या निवडणुका झाल्या आणि हा गट मोठ्या बहुमताने जिंकला. लक्षात घ्या, ही मतं देणारे कोण होते? रविवारी बाकांवर बसणारे, बाप्तिस्मा घेतलेले लोकच. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या मंडळीच्या सिनडने तो वंशाचा नियम मंजूरही केला.

बोनहोफर यांचे जिवलग मित्र फ्रान्झ हिल्डेब्रांट हे पाळक होते आणि त्यांच्या आईचं कुळ यहुदी होतं. म्हणजे ज्याच्यासोबत प्रार्थना केली, प्रभुभोजन घेतलं, तो उद्यापासून वेदीजवळ चालणार नाही, कारण त्याचं रक्त वेगळं! त्याच सुमारास बोनहोफरना बर्लिनमधल्या एका मंडळीचं पाळकपद मिळत होतं. मित्राला जे नाकारलं जातंय ते केवळ वंशामुळे आपल्याला मिळतंय, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी ते घेतलं नाही. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. वंश पाहून भावाला बाहेर ठेवणारी मंडळी ही ख्रिस्ताची मंडळीच राहत नाही. आणि अन्याय सोसणारा ख्रिस्ती असो वा नसो, मंडळी त्याची देणेकरी आहे.

जातपात, पोटजात, आमचे आणि तुमचे, हे शब्द आपल्या मराठी मंडळ्यांना परके आहेत का? मी उत्तर देत नाही. आपण प्रत्येकाने आपल्या मंडळीत कोण कोणाशेजारी बसतं, लग्नाच्या वेळी कोण कोणाला विचारतं, एवढं आठवून पाहावं.

आता विचार करा. मंडळीने इतका मोठा विश्वासघात केल्यावर बोनहोफर सहज म्हणू शकले असते, पुरे झाली ही मंडळी, मी आणि माझा येशू. त्यांनी तसं केलं नाही. १९३३ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले आणि तिथल्या दोन लहान जर्मन मंडळ्यांचे पाळक झाले. एका मंडळीत व्यापारी आणि वकिलातीतले लोक, दुसरीत ईस्ट एंडमधले खाटीक, बेकरीवाले, शिंपी. दर रविवारी मूठभर माणसं. मुलांची उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांची सोय. आणि तिथूनच ते चुकलेल्या मंडळीशी लढत राहिले. नोव्हेंबर १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या जर्मन मंडळ्यांनी हिटलरपुढे झुकलेल्या मंडळीशी नातं तोडून, त्याच वर्षी बार्मेन इथे आपला विश्वास उघड कबूल करणाऱ्या मंडळीच्या बाजूने उभं राहण्याचा निर्णय घेतला.

म्हणजे खोट्या मंडळीला त्यांचं उत्तर एकांत नव्हतं. खरी मंडळी हेच त्यांचं उत्तर होतं, मग ती कितीही लहान असो.

गांधीजींच्या आश्रमाऐवजी

इथे आपल्या देशाशी जोडलेली एक गोष्ट सांगायला हवी. बोनहोफरना भारतात येण्याची फार इच्छा होती. डोंगरावरचं प्रवचन रोजच्या जगण्यात कसं आणायचं, लोक एकत्र राहून अन्यायाला हिंसेविना कसं तोंड देतात, हे त्यांना गांधीजींजवळ राहून शिकायचं होतं. १९३४ मध्ये त्यांनी गांधीजींना पत्र लिहिलं. इंग्लंडमधले बिशप जॉर्ज बेल यांनी शिफारस केली. गांधीजींचं उत्तरही आलं, की या आणि माझ्यासोबत राहा.

पण ते येऊ शकले नाहीत. जर्मनीतून बोलावणं आलं. कबुली देणाऱ्या मंडळीला तरुण पाळक तयार करायचे होते, सरकारी मान्यतेशिवाय. दूरच्या आश्रमाची ओढ मनात ठेवून ते एप्रिल १९३५ मध्ये बाल्टिक समुद्राकाठी झिंग्स्ट इथे तेवीस विद्यार्थ्यांना घेऊन राहू लागले. दोन महिन्यांनी ही शाळा श्टेटिन शहराजवळच्या फिंकेनवाल्ड इथल्या एका मोठ्या जुन्या घरात आली. घर जवळजवळ रिकामं. सामान आणि अन्नधान्य आसपासच्या मंडळ्यांकडून, विश्वासणाऱ्या कुटुंबांकडून येत गेलं.

तिथला दिवस शांततेने सुरू व्हायचा. उठल्यावर आधी एकमेकांशी बोलायचं नाही. पहिला शब्द देवाचा. मग एकत्र उपासना, स्तोत्रं, जुन्या आणि नव्या करारातलं वाचन, गीत, प्रार्थना. न्याहारीनंतर अर्धा तास प्रत्येकाने एका लहानशा शास्त्रभागावर मनन करायचं. आठवडाभर सगळ्यांना तोच भाग. विद्यार्थ्यांना हे सुरुवातीला अजिबात जमेना. कोणाला झोप यायची, कोणाचं मन भटकायचं. वाचून जरा बरं वाटलं, नाही का? मननाला बसल्यावर आपलंही तसंच होतं.

आणखी एक नियम होता, ऐकायला सोपा आणि पाळायला महाकठीण. गैरहजर असलेल्या भावाविषयी बोलायचं नाही. बोललं गेलंच तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. हा एक नियम आपल्या मंडळीत रविवारी उपासना सुटल्यानंतर अंगणात पाळला गेला, तर किती जखमा टळतील!

चार माणसं एकत्र राहिली की भांड्याला भांडं लागणारच. तिथे तर भांड्यांवरूनच गोष्ट घडली. सुरुवातीच्या दिवसांत एकदा स्वयंपाकघरातून मदतीसाठी निरोप आला. कोणीच उठेना. सगळे भावी पाळक, पदवीधर, विद्वान. बोनहोफर काही न बोलता उठले आणि स्वयंपाकघरात गेले. ते पाहून ओशाळलेले विद्यार्थी धावले, तर त्यांनी कोणाला आत घेतलं नाही. काम आटोपल्यावर परत येऊन सगळ्यांत मिसळले. त्या विषयावर एक शब्द काढला नाही. पाय धुण्याचा अध्याय, योहान १३, त्या दिवशी वाचून दाखवायची गरज उरली नाही.

आणि एक दिवस या शिक्षकाने आपल्या एका तरुण विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विनंती केली की माझं पाप मी तुझ्याजवळ कबूल करतो, तू ऐक आणि देवाच्या नावाने मला क्षमेचं आश्वासन दे. विद्यार्थी गांगरला असेल. पण याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलं आहे. एकमेकांजवळ, म्हणजे मोठ्याने लहानाजवळसुद्धा.

सप्टेंबर १९३७ च्या अखेरीस गेस्टापो पोलिसांनी फिंकेनवाल्ड बंद केलं. तिथून शिकून गेलेल्यांपैकी अनेक जण तुरुंगात गेले. पण संगती तुटली नाही. विखुरलेल्या भावांना बोनहोफर नेमाने पत्रकं पाठवत, आणि त्यात मननासाठी शास्त्रभाग ठरवून दिलेले असत. एखादा दूर खेड्यात, एखादा तुरुंगात, एखादा पुढे सैन्यात, पण वाचायचा भाग एकच. रोज सकाळी आपण इथे जे वाचतो त्याचा अर्थही एवढाच आहे, आणि त्याची मर्यादाही. हे वाचन मंडळीची आठवण देतं. मंडळीची जागा घेत नाही.

स्वप्नातली मंडळी आणि खरी मंडळी

पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, बोनहोफर ग्यटिंगन इथे साबीनाच्या रिकाम्या घरात राहिले. तिचा नवरा यहुदी वंशाचा, म्हणून ते कुटुंब नुकतंच देश सोडून इंग्लंडला गेलं होतं. त्या सुन्या घरात बसून त्यांनी साधारण चार आठवड्यांत ख्रिस्ती सहजीवनावर एक छोटं पुस्तक लिहिलं. मंडळीविषयी त्यांनी आयुष्यभर जे शिकलं त्याचा अर्क त्यात आहे. त्यातले दोन मुद्दे माझ्या शब्दांत सांगतो.

पहिला. मंडळी कशी असावी याचं एक सुंदर चित्र आपण मनात घेऊन येतो. सगळे प्रेमळ, सगळे समजूतदार, सगळे प्रार्थनेत तत्पर. मग खरी माणसं भेटतात आणि ते चित्र फुटतं. बोनहोफर म्हणतात की ते लवकर फुटलं तर देवाची कृपाच समजावी. कारण जो आपल्या मनातल्या चित्रावर प्रेम करतो, तो समोरच्या माणसांवर प्रेम करू शकत नाही. तो आधी भावांवर आरोप ठेवतो, मग देवावर, आणि शेवटी स्वतःवर. मंडळी ही आपण घडवायची वस्तू नाही. ती ख्रिस्तात आधीच दिलेली देणगी आहे, आणि देणगीसाठी आभार मानायचे असतात.

दुसरा. मंडळी लागतेच कशाला? तर देवाने आपलं वचन माणसाच्या तोंडी ठेवलं आहे म्हणून. मी खचलेला असतो तेव्हा माझं स्वतःचं मन मला धीर देऊ शकत नाही, ते स्वतःच डळमळत असतं. मला बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, प्रभू तुला विसरला नाही. हे सांगणारा भाऊ कदाचित अडखळत बोलेल. पण त्याच्या तोंडून आलेला ख्रिस्त माझ्या मनातल्या ख्रिस्तापेक्षा मला अधिक खात्री देतो.

आणि हे विसरू नये की ख्रिस्ती माणसांसोबत राहायला मिळणं हा काही आपला हक्क नाही. आजारी, एकटे, तुरुंगात पडलेले, परमुलखात विखुरलेले पुष्कळ विश्वासणारे त्यासाठी तळमळतात. ज्यांना दर रविवारी ते मिळतं, त्यांनी त्याला कृपा म्हणावं.

हिवाळ्यापूर्वी

जून १९३९. युद्ध दाराशी आलं होतं. अमेरिकेतल्या मित्रांनी प्रयत्न करून बोनहोफरना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. तिथे काम होतं, सुरक्षितता होती. पण पोचल्यापासून त्यांना चैन पडेना. घरच्या भावांची आठवण, त्यांच्यासोबतच्या प्रार्थनेची आठवण. आठवडाभरातच त्यांनी परत जायचं ठरवलं. माझ्या लोकांची परीक्षा चालू असताना मी त्यांच्यासोबत नसलो, तर युद्धानंतर त्यांची मंडळी पुन्हा उभारायला मी कोणत्या तोंडाने जाऊ, असा त्यांचा विचार होता.

निर्णय झाला तरी मनात उलटसुलट चालूच होतं. ते रोज एका वचनपुस्तिकेतून वाचत असत, मोराव्हियन मंडळीकडून निघणाऱ्या. २६ जूनला त्यात २ तीमथ्य ४:२१ आलं, जिथे पौल तुरुंगातून तीमथ्याला हिवाळ्याच्या आत निघून येण्याची विनवणी करतो. ते वाक्य दिवसभर त्यांच्या मनातून जाईना. आपल्यालाच कोणी बोलावतंय असं त्यांना वाटलं. जुलैच्या सुरुवातीला ते जहाजाने परत निघाले. पुढच्या दोन महिन्यांच्या आत युद्ध सुरू झालं.

नंतरची वर्षं थोडक्यात सांगतो. त्यांच्यावर भाषणबंदी आली. हिटलरविरुद्धच्या गुप्त कटात ते सामील झाले. ख्रिस्ती माणसाने असं करावं का, हा प्रश्न त्यांनी कधी सोपा मानला नाही, आणि आपणही मानू नये. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. तीन महिन्यांपूर्वीच मारिया फॉन वेडेमायर हिच्याशी त्यांचा साखरपुडा झाला होता. बर्लिनच्या टेगल तुरुंगात दीड वर्ष गेलं. तिथेही स्तोत्रं, पाठ असलेली गीतं, मंडळीच्या पंचांगातले रविवार आणि सण त्यांनी सोडले नाहीत. १९४३ च्या नाताळाला त्यांनी सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहून दिल्या. एकट्याच्या कोठडीतही त्यांचा विश्वास एकट्याचा नव्हता.

शेवटचा रविवार

८ एप्रिल १९४५, पुनरुत्थान सणानंतरचा पहिला रविवार. युद्ध संपायला एक महिना उरला होता. कैद्यांची एक तुकडी बव्हेरियातल्या श्योनबेर्ग गावच्या शाळेत ठेवली होती. त्यांच्यापैकी एकाने बोनहोफरना उपासना घेण्याची विनंती केली. ते लगेच तयार झाले नाहीत. कारण बहुतेक जण कॅथोलिक होते, आणि कोकोरिन नावाचा एक रशियन तरुण होता, देव न मानणाऱ्या वातावरणात वाढलेला. आपली उपासना त्यांच्यावर लादायची नव्हती. पण कोकोरिननेही होकार दिला, सगळ्यांनीच आग्रह केला.

मग शाळेच्या त्या वर्गात मंडळी जमली. निरनिराळ्या देशांचे आणि पंथांचे लोक, एक कसलाच पंथ नसलेला. बोनहोफर यांनी त्या दिवसाचे शास्त्रभाग वाचले, यशया ५३:५ आणि १ पेत्र १:३. त्याच्या फटक्यांनी आपल्याला मिळालेलं आरोग्य, आणि पुनरुत्थानाने मिळालेली जिवंत आशा. त्यांवर बोलले, प्रार्थना केली. शेजारच्या खोलीतल्या कैद्यांनाही त्यांना बोलवायचं होतं. तेवढ्यात दार उघडलं, दोन माणसं आली आणि त्यांना सोबत निघायला सांगितलं. त्या शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. त्यांनी निरोप घेतला, बिशप बेल यांच्यासाठी एक संदेश दिला, आणि गेले. रात्री फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत खटल्याचं नाटक झालं. ९ एप्रिलच्या पहाटे त्यांना फाशी दिली गेली. वय एकोणचाळीस.

२७ जुलै १९४५ रोजी लंडनमधल्या एका चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उपासना झाली. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशात, एका जर्मन पाळकासाठी! तिथे बिशप बेल बोलले. आणि ज्यांना वंशामुळे मंडळीबाहेर काढलं जात होतं, ते फ्रान्झ हिल्डेब्रांटही बोलले. रेडिओवरून ती उपासना प्रक्षेपित झाली, आणि बर्लिनमध्ये त्यांचे वृद्ध आईवडील ती ऐकत होते. त्या घरातून रविवारी कोणी फारसं चर्चला जात नसे. आता दूरच्या एका मंडळीची गीतं त्यांच्या घरात आली होती, त्यांच्या मुलासाठी.

आज आपल्यासाठी

प्रियांनो, बोनहोफर यांची मंडळी कधीच आदर्श नव्हती. कधी ती जिन्यावरून कचरा टाकणारी पोरं होती, कधी भांडी घासायला न उठणारे विद्यार्थी, कधी शाळेच्या वर्गातले कैदी. पण ख्रिस्त त्यांना तिथे भेटला.

जे आजारपणामुळे, वयामुळे, नोकरीमुळे खरोखर जाऊ शकत नाहीत, त्यांच्यावर दोष ठेवू नका. उलट मंडळीने त्यांच्या घरी जावं. ज्यांना मंडळीत खरी जखम झाली आहे, त्यांनी ती लपवू नये. चुकीला चूक म्हणावं, गरज पडली तर दुसऱ्या विश्वासू मंडळीत जावं. पण एकटं राहू नये. आणि ज्यांना फक्त सवय सुटली आहे, त्यांनी येत्या रविवारी निघावं.

आज तीन गोष्टी करून पाहू या.

१. आपल्या मंडळीतल्या ज्या माणसाचा आपल्याला कंटाळा येतो, त्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानू या.

२. बऱ्याच दिवसांत न दिसलेल्या एकाला फोन करू या. का येत नाही असं विचारायला नको. कसा आहेस, एवढंच विचारू या.

३. रविवारी उपासनेनंतर गैरहजर माणसाविषयी बोलायचं नाही. एका रविवारपुरतं तरी.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू आम्हाला एकेकटं वाचवलंस, पण एकटं ठेवलं नाहीस. आमच्या मनातल्या मंडळीच्या हट्टापायी तू दिलेल्या मंडळीला आम्ही तुच्छ लेखलं, आम्हाला क्षमा कर. जे दुखावून दूर गेले त्यांना जवळ घे, आणि त्यांना दुखावणारे आम्ही असलो तर ते आम्हाला दाखव. आम्ही खचू तेव्हा आमच्याकडे एखादा भाऊ, एखादी बहीण पाठव, आणि दुसरा खचेल तेव्हा आम्हाला पाठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.